हूवरची स्पर्धा आणि चौथा पिचर

काही वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका बुधवारी अमेरिकेतल्या हूवर मेट्रोपॉलिटन स्टेडियममध्ये पहिल्या बेसच्या मागे मी बसलो होतो. वीज चमकल्यामुळे कॉलेज बेसबॉलचा सामना थांबला होता. शेवटची वीज चमकल्यापासून अर्धा तास लोटल्याशिवाय खेळ सुरू करता येत नाही आणि दर नव्या विजेबरोबर तो अर्धा तास पुन्हा पहिल्यापासून मोजावा लागतो, त्यामुळे रात्र बरीच उलटून गेली होती. खेळ सुरू झाला तेव्हा बुलपेनमधून, म्हणजे राखीव पिचर (चेंडू टाकणारे खेळाडू) जिथे हात मोकळा करतात त्या जागेतून, एक उंच, डावखुरा मुलगा धावत आला. त्या हंगामात तो फारसा खेळलेला नव्हता. चेंडूवरची पकड पक्की करणारी राळेची पिशवी त्याने दोनदा उचलून खाली टाकली, ओल्या मातीत बुटाच्या टोकाने स्वतःपुरता खळगा केला आणि मग नऊ इनिंगच्या त्या सामन्यातल्या पुढच्या चार इनिंग एकही धाव न देता काढल्या. माझ्यापुढच्या रांगेत त्याची आई बसली होती. प्रत्येक चेंडूच्या वेळी ती मांडीवरची टोपी दोन्ही हातांनी घट्ट धरत असे. या स्पर्धेवर माझा जीव जडला तो त्या रात्रीपासून.

अलाबामा राज्यात बर्मिंगहॅमला लागून असलेल्या हूवरमध्ये साउथईस्टर्न कॉन्फरन्स या विद्यापीठांच्या क्रीडासंघटनेची बेसबॉल स्पर्धा १९९८ पासून भरते. कोरोनामुळे २०२० साली ती रद्द झाली, तेवढाच काय तो खंड. हे स्टेडियम १९८८ साली बर्मिंगहॅम बॅरन्स या व्यावसायिक संघासाठी उभे राहिले. बास्केटबॉल सोडून बेसबॉलमध्ये नशीब अजमावायला आलेला मायकेल जॉर्डन १९९४ मध्ये येथेच खेळला होता. आता बॅरन्स बर्मिंगहॅम शहरात परत गेले आहेत आणि मैदानाला खरे भरते येते ते मेच्या या आठवड्यात.

या स्पर्धेचे मर्म पिचरच्या खांद्यात आहे. कॉलेज बेसबॉलच्या हंगामात कॉन्फरन्समधील संघ दहा आठवडे, दर आठवड्याच्या अखेरीस, एकाच प्रतिस्पर्ध्याशी तीन सामने खेळतात. प्रत्येक संघाकडे त्यासाठी तीन प्रमुख पिचर असतात आणि सुमारे शंभर चेंडू टाकून झाले की त्यांना पुढचा आठवडाभर विश्रांती मिळते. हूवरची स्पर्धा मात्र हंगाम संपल्यावर लगेचच्या मंगळवारी सुरू होऊन रविवारी संपते आणि त्यानंतरच्या शुक्रवारी ६४ संघांची राष्ट्रीय स्पर्धा उभी असते. आपल्या सर्वोत्तम पिचरला येथे उतरवावे की पुढच्या शुक्रवारसाठी राखून ठेवावे, हा पेच प्रशिक्षकाला रोज सोडवावा लागतो.

२०२४ पर्यंत या स्पर्धेत बारा संघ असत. मंगळवारी हरणारे चार संघ घरी जात आणि उरलेल्या आठांत दोनदा हरल्याशिवाय कोणी बाद होत नसे. उपान्त्य फेरीपासून पुन्हा एका पराभवात सारे संपे. सहा दिवसांत सतरा सामने होत. मंगळवारी विश्रांती मिळालेल्या अव्वल संघालाही विजेतेपदासाठी किमान चार सामने जिंकावे लागत. चार सामने म्हणजे चौथा पिचर आलाच. हंगामभर बाकावर बसलेल्या मुलाला दहा हजार प्रेक्षकांसमोर चेंडू हाती मिळे, तो याच हिशेबामुळे.

टेक्सास आणि ओक्लाहोमा ही विद्यापीठे आल्यावर कॉन्फरन्सचे सोळा संघ झाले आणि २०२५ पासून सगळेच संघ हूवरला येऊ लागले. मात्र आता एक पराभव झाला की संघ बाद होतो. पहिल्या चार मानांकितांना थेट उपान्त्यपूर्व फेरीत प्रवेश मिळतो. त्या वर्षी चौथे मानांकन असलेल्या नॅशव्हिलच्या वँडरबिल्ट विद्यापीठाने तीन सामने जिंकून, अंतिम फेरीत ओल मिसला (मिसिसिपी विद्यापीठाला) ३-२ असे हरवून करंडक उचलला. तीन सामने, म्हणजे आठवड्याअखेरचे नेहमीचे तीन पिचर पुरेसे. राष्ट्रीय स्पर्धेआधी मुलांचे खांदे शाबूत राहावेत, हे या बदलामागचे कारण मला मान्य आहे. तरीही चौथ्या मुलाची जागा त्यात हरवली, याचे मला मनापासून वाईट वाटते.

या कॉन्फरन्सच्या संघांना येथील पराभव फारसा महागात पडत नाही, म्हणून तर दोन पराभवांची जुनी पद्धत ठेवून चौथ्या मुलाला उतरवायला हरकत नव्हती, असे मला वाटते. २०२२ मध्ये ओल मिस हूवरला पहिलाच सामना हरला, निवड समितीने राष्ट्रीय स्पर्धेत त्याला अगदी शेवटची जागा दिली आणि त्याच संघाने, राष्ट्रीय स्पर्धेचा शेवटचा टप्पा जिथे होतो त्या ओमाहात, राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावले. लहान कॉन्फरन्समध्ये चित्र उलटे असते. तेथे स्पर्धा जिंकणाऱ्या संघाला राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो आणि हरणाऱ्यांचा हंगाम बहुधा तेथेच संपतो. ओहायोमधील राइट स्टेट विद्यापीठाचा संघ असाच होरायझन लीग ही लहान कॉन्फरन्स जिंकून २०२५ मध्ये नॅशव्हिलला आला, आणि हूवरचा करंडक घेऊन राष्ट्रीय पातळीवर पहिले मानांकन मिळवलेल्या वँडरबिल्टला त्याने त्यांच्याच मैदानावर ५-४ असे हरवून स्पर्धेबाहेर काढले.

मी मात्र बुधवारचे तिकीट अजून काढतो आणि सातव्या इनिंगपासून बुलपेनच्या फाटकाकडे पाहत बसतो.