विहीणबाईंची साडी कुणी पसंत करायची?

बस्त्याची मंडळी जिना चढून वर आली की मी आधी पिशवी कुणाकडे आहे ते बघते. पैशाची पिशवी. ती बहुतेक वेळा सगळ्यात मागून येणाऱ्या, कमी बोलणाऱ्या माणसाच्या काखेत असते. पुढे होऊन "दाखवा हो भारीतलं" म्हणणारे मामा, दाजी, चुलते हे बोलण्यापुरते आलेले असतात. त्यांच्या तोंडाकडे बघून माल काढला की दोन तास फुकट जातात आणि शंभर घड्या मोडतात. त्या घड्या परत घालायला दाजी थांबत नाहीत.

लातूरच्या एका कापड दुकानात वरच्या मजल्यावर साड्यांच्या गादीवर मी काम करते. ओळखीचं कुणी भेटलं की पहिला प्रश्न हाच असतो, "भांडकुदळ गिऱ्हाईक आलं तर काय करतेस गं?" खरं सांगायचं तर आरडाओरडा करणाऱ्याचं मला काही वाटत नाही. तो ओरडतो, पाणी पितो, साडी घेऊन जातो. अवघड असतं ते घरातलं भांडण सोबत घेऊन आलेलं गिऱ्हाईक. ते माझ्याशी भांडतच नाही, आपसात भांडतं. मी मात्र मधे गादीवर मांडी घालून बसलेली असते आणि दोन्हीकडचे लोक मलाच विचारतात, "तुम्हीच सांगा ताई, ही काय द्यायची साडी आहे का?"

ज्यांच्याकडे बस्ता ही पद्धत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमच्या मराठवाड्यात मुलाकडची आणि मुलीकडची माणसं मिळून एका दुकानात येतात आणि लग्नाचं सगळं कापड एका बैठकीत घेतात. नवरीचा शालू, साखरपुड्याची साडी, हळदीची, मामाकडची पिवळी, करवल्यांच्या, विहिणींच्या, आत्या-मावश्यांच्या मानाच्या, मग आहेराचा गठ्ठा, टॉवेल-टोप्या, नवरदेवाचा कोट, फेटे. काही जण तर बस्त्याचाही मुहूर्त काढून येतात आणि पहिल्या कापडाला हळदी-कुंकू लावल्याशिवाय दुसरी घडी उघडू देत नाहीत. सकाळी बसलेली मंडळी दिवे लागल्यावर उठतात. चहा-नाश्ता दुकानाचा, बस्ता मोठा असेल तर जेवणही. तुळशीचं लग्न लागलं की हे सुरू होतं ते पावसाळ्याच्या तोंडापर्यंत चालतं. चातुर्मासात गादी रिकामी, तेव्हा आम्हाला खाली शर्टिंगला पाठवतात.

आता भावाचं. "भावाचं बघू नका, तुम्ही फक्त चांगलं दाखवा" असं म्हणणाऱ्याचा आकडा आधीच ठरलेला असतो. यादीच्या बैठकीत, चार माणसांत, कुणाला कितीची साडी ते बोलून झालेलं असतं. तो आकडा दुकानात सगळ्यांसमोर उच्चारायची कुणाची तयारी नसते, एवढंच. मी नवीन होते तेव्हा भारीतली साडी आधी दाखवायची असं मला शिकवलं होतं. ती एकदा डोळ्यात भरली की खालची आवडत नाही आणि बिल वाढतं, हा त्यामागचा हिशोब. बिल वाढतं हे खरं. पण पिशवीवाल्या माणसाचा चेहराही उतरतो, आणि मुलीचा बाप असेल तर तो मला बघवत नाही. म्हणून मी मधल्या भावापासून सुरू करते. हे मालकांना सांगत नाही.

सगळ्यात मोठी रणं विहिणींच्या साडीवरून होतात. नवरीचा शालू एक वेळ तासाभरात ठरतो, कारण तिथे सगळ्यांना उदार दिसायचं असतं. विहिणीची साडी म्हणजे मान, आणि मान मोजायला बसलं की संपत नाही. एका बस्त्यात मुलीच्या वडिलांनी मुलाच्या आईसाठी एक काठपदर बाजूला काढून ठेवली. चांगली होती, मरून रंग, बारीक बुट्टा. मुलाच्या आत्यानं ती दोन बोटांत धरून उचलली.

"आमच्या वहिनीला ही? असली तर आम्ही आहेरात वाटतोय."

मुलीची मावशी समोरच बसलेली. "मग आमच्या ताईला तुम्ही काय शालू घेतलाव का?"

झालं. पुढचा अर्धा तास साड्या बाजूलाच राहिल्या. साखरपुड्यात कुणाला खुर्ची मिळाली नाही, कुणाच्या गाडीचं डिझेल कुणी भरलं, जेवणात गुलाबजाम कमी पडले, सगळं निघालं. नवरदेव खाली कोटाचं माप द्यायला गेला तो वर आलाच नाही. हुशार मुलगा.

आमच्याकडे एक जुने काका आहेत, मालकांच्या वडिलांच्या काळापासूनचे. ते उठले, दोन्हीकडच्या पिशवीवाल्यांना गल्ल्याकडे नेलं आणि हळूच विचारलं, यादीत काय ठरलंय? दोघांचा आकडा एकच निघाला, साडेतीन हजार. काकांनी परत येऊन साडेतीनच्या आसपासच्या तेवढ्या साड्या गादीवर मांडल्या, बाकीचा सगळा माल मला उचलायला लावला आणि म्हणाले, "आता असं करा. मुलाच्या आईनं मुलीच्या आईची पसंत करायची, आन् मुलीच्या आईनं मुलाच्या आईची. बाकी कुणी बोलायचं न्हाई."

मिनिटभर कुणी काही बोललं नाही. मग मुलीची आई पुढे सरकली, दोन-तीन पदर उलटून पाहिले आणि एक मोरपंखी साडी विहिणीच्या खांद्यावर टाकून बघितली. तिचं बघून दुसरीनंही उचलली. स्वतःची साडी निवडताना बाई महाग मागते का, हे बघायला दहा जण टपलेले असतात. दुसरीसाठी निवडताना हात आखडता घेतला तर तेही त्याच दहा जणांना दिसतं. शिवाय समोरच्या बाईनं स्वतः निवडलेल्या साडीला नाक मुरडायचं कसं? आत्याबाई नंतर ब्लाउजपीस आखूड आहे म्हणत होत्या. तेवढं चालायचंच.

तेव्हापासून मी हाच उपाय करते, आणि बऱ्याचदा तो लागू पडतो. एकदा उलटाही झाला. मुलाच्या आईनं मुद्दाम आहेराच्या गठ्ठ्यातली एक पातळ साडी विहिणीपुढे टाकली. मुलीची आई म्हणाली, "छान आहे की, हीच द्या." आणि स्वतः मात्र त्या बाईसाठी मांडलेल्यातली सगळ्यात भारी उचलून बिलाला दिली. मुलाच्या आईनं नंतर दिवसभर आवाज काढला नाही. मला मध्ये बोलायची गरजच पडली नाही.

या सगळ्यात नवरीला कुणी विचारत नाही, हे बाहेरच्यांना पटत नाही, पण शालूच्या वेळीसुद्धा असं होतं. सासूचं मत, आत्याचं मत, फोटोत कसा दिसेल ते व्हिडिओ कॉलवरून पुण्याच्या नणंदेचं मत. मुलगी मान खाली घालून "तुम्ही म्हणाल ते" म्हणत असते. मी तिच्या हाताकडे लक्ष ठेवते. एखाद्या साडीचा काठ तिची बोटं दुसऱ्यांदा चाचपतात. ती साडी मी घडी न घालता तिथेच ठेवते आणि दर पाच-दहा मिनिटांनी काहीतरी निमित्त काढून वर आणते. "याच्यावर दागिना उठून दिसतो हो मावशी." सासूबाईंना ती साडी आपणच शोधली असं वाटलं की काम झालं.

मोबाईलवाले गिऱ्हाईक हा नवा प्रकार. "ऑनलाइनला पैठणी नऊशे नव्व्याण्णवला आहे, तुम्ही दहा हजार कशाचे लावता?" नव्या मुली अशांवर चिडतात. मला ते सोपे वाटतात, कारण त्यांच्या प्रश्नाला उत्तर आहे. मी येवल्याची हातमागाची पैठणी काढते आणि पदर उलटा करून त्यांच्या हातात देते. हातावर विणलेला मोर मागूनही जवळपास तसाच स्वच्छ दिसतो. मशीनवरच्या पदराला मागून लोंबते किंवा कातरलेले धागे असतात. काही जण लायटर घेऊन येतात, धागा जाळून बघायला. जाळा की! रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते, पॉलिस्टरचा कडक गोळा होतो. पण त्यातून रेशीम आहे की नाही एवढंच कळतं, हातमागाचं कळत नाही. हे नीट सांगितलं की निम्मे लोक सेमी, म्हणजे मशीनवरची, पैठणीच घेतात, पण ती सेमी आहे हे समजून घेतात. मग पुढे कटकट होत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हा मात्र आमची दमछाक झाली. टीव्हीवर "कपडे स्वस्त" एवढंच लोकांनी ऐकलेलं. तयार कपड्यांवर अडीच हजारापर्यंत पाच टक्के झाले, हे बरोबर, पण त्याच्या वर बारावरून अठरा झाले. साडीला आधीही पाचच होते. म्हणजे शालूचा भाव तोच आणि रिसेप्शनचा घागरा उलट महाग. हे नवरदेवाच्या भावाला, तेही वाणिज्य शाखेच्या पदवीधराला, समजावून सांगताना माझा घसा बसला. शेवटी अकाउंटवाल्या दादांनी कॅल्क्युलेटर वर आणून दिला.

परत आणलेल्या साड्यांबद्दल माझं मत दुकानातल्या बऱ्याच जणांपेक्षा वेगळं आहे. पूर्वी गल्ल्यामागे "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" अशी पाटी होती. सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिली नसेल तर तीस दिवस धरतात. एका वकील बाईंनी हे गल्ल्यावर उभं राहून सांगितलं आणि पाटी उतरली. बरं झालं. काठ विरलेला निघाला, रंग पहिल्या पाण्यात गेला तर गिऱ्हाईकानं का सोसायचं?

पण नेसून परत आणलेल्या साडीचं काय? लग्नात मिरवून, दोन दिवसांनी "घरात पसंत पडली नाही" म्हणून येतात. मी काही बोलायच्या आधी घडी बघते. दुकानाची घडी घरी जमत नाही, कुठेतरी अर्धा इंच सरकतेच. मग खांद्यावर पिनेची छिद्रं, कमरेशी निऱ्यांच्या चुण्या, पदराला अत्तर. एकीनं तर फॉल उसवून आणला होता, टाक्यांचे ठिपके सरळ रेषेत दिसत होते. अशा वेळी खोटं पाडायचं नाही, हा माझा नियम. सगळ्यांसमोर "ही नेसलेली आहे" म्हटलं की बाई पेटते. साडी उजेडात पसरायची, पिनेच्या छिद्राशी बोट ठेवायचं आणि गप्प बसायचं. दोघींना कळलेलं असतं. "बघू, राहू द्या मग" म्हणत पिशवीत घालून जातात आणि पुढच्या लग्नाला परत आमच्याकडेच येतात.

पुरुषांचा एक त्रास राहिला. साडी अंगावर लावून दाखवा म्हणणारे आणि मग साडीकडे सोडून इतरत्र बघणारे. अशांना मी काकांकडे पाठवते. काका स्वतः निऱ्या घालून, पदर घेऊन आरशासमोर उभे राहतात. तीन मिनिटांत गिऱ्हाईक बिल करून मोकळं!

अधिक महिना आला की लग्नं थांबतात आणि जावई सुरू होतात. २०२३ चा अधिक श्रावण मी खाली शर्टिंगला काढला. धोंड्याच्या महिन्यात सासरे जावयाला घेऊन येतात, सोबत सासूबाई, मेहुणा. जावई मोबाईलमध्ये. "काय दाखवू दादा?" "काहीही चालेल." पांढरा चालेल? "थोडा साधा वाटतो." चौकडा? "ऑफिसला नाही जमत." क्रीम? "मळतो." "काहीही चालेल"वाल्यानं माझा अख्खा काउंटर उघडायला लावला आणि शेवटी पहिल्यांदा दाखवलेला निळा घेतला. सासऱ्यांनी बिल दिलं, वर पँटपीस घेतलं, सगळे चहा पिऊन गेले.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच सासूबाई हजर. "ताई, हा बदलून द्या. आमची पोरगी म्हणतेय, निळे सहा हायेत त्यांच्याकडं."