माझा अनुभव: टोरांटोची वेलकम पॉलिसी, अर्जापासून पोहण्याच्या वर्गापर्यंत

टोरांटोत नव्याने आलेल्या घरात पहिल्या वर्षी हमखास निघणारा विषय म्हणजे मुलाला पोहायला घालायचंय, मुलीला स्केटिंग शिकायचंय आणि भाडं भरून हातात काही उरत नाही. शहराची यासाठी एक योजना आहे, वेलकम पॉलिसी. नावावरून ती नवागतांसाठीच असावी असं वाटतं, पण तीस वर्षं इथे राहिलेल्या निवृत्त माणसालाही ती लागू पडते. उत्पन्न ठरलेल्या मर्यादेखाली असेल तर कुटुंबातल्या प्रत्येकाच्या नावावर वर्षभरासाठी काही रक्कम जमा होते. मुलांची रक्कम मोठ्यांपेक्षा बरीच जास्त असते. रोख काही मिळत नाही. शहराच्या कम्युनिटी सेंटरमधल्या वर्गाला नाव घालताना फी त्यातून वळती होते. आकडे बदलत राहतात, म्हणून इथे देत नाही, शहराच्या संकेतस्थळावर असतात. मी आपल्या लोकांना हे अर्ज भरून द्यायला बसतो. अर्ज कुठे कुठे अडकतात ते या बसण्यातूनच कळत गेलं.

अर्जाच्याही आधी एक गोष्ट. काही गोष्टी मुळातच फुकट आहेत आणि त्यांच्यासाठी जमा रक्कम खर्च करायची गरज नाही. शहराच्या पोहण्याच्या तलावांमधलं ‘लेझर स्विम’, म्हणजे शिकवणीशिवायचं नुसतं डुंबणं, फुकट असतं. उघड्यावरच्या बर्फाच्या रिंकवर मोकळ्या वेळेत स्केटिंग करायलाही पैसे पडत नाहीत. शिवाय शहरात काही केंद्रं अशी आहेत जिथले कार्यक्रम सर्वांनाच मोफत असतात, उत्पन्नाचा दाखला वगैरे काही न विचारता. रीजंट पार्कचं २०१२ साली सुरू झालेलं जलतरण केंद्र त्यातलंच. असं केंद्र बसच्या टप्प्यात असेल तर पोहण्याचा वर्ग तिथे घ्या आणि वेलकम पॉलिसीची रक्कम दुसऱ्या कशाला तरी राखून ठेवा. जागा मात्र तिथेही पटकन भरतात, उलट जास्तच पटकन.

आता पत्ता. सगळ्यात जास्त फेऱ्या इथेच वाया जातात. ‘आम्ही टोरांटोत राहतो’ असं सांगणाऱ्या आपल्या लोकांतले निम्मे प्रत्यक्षात मिसिसागा किंवा ब्रॅम्प्टनमध्ये राहतात, आणि ती वेगळी शहरं आहेत. १९९८ साली जी सहा गावं एकत्र झाली (जुनं टोरांटो, इटोबिको, नॉर्थ यॉर्क, स्कारबरो, यॉर्क आणि ईस्ट यॉर्क) तेवढीच या योजनेच्या दृष्टीने टोरांटो. ओळखायची सोपी खूण म्हणजे पोस्टल कोड. एमपासून सुरू होत असेल तर तुम्ही टोरांटोत, एलपासून असेल तर बाहेर. उत्तरेकडे स्टील्स अव्हेन्यूच्या दक्षिणेची बाजू टोरांटोत आणि उत्तरेची बाजू व्हॉन किंवा मार्कमची, त्यामुळे रस्त्याच्या समोरासमोर राहणाऱ्या दोन घरांचे अर्ज दोन वेगळ्या शहरांत जातात. मिसिसागा आणि ब्रॅम्प्टन या दोन्ही ठिकाणी ॲक्टिव्ह असिस्ट नावाची सवलत आहे. तिथल्यांनी तिकडे अर्ज करावा.

उत्पन्नाचा पुरावा म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत नोटीस ऑफ असेसमेंट. कर भरल्यावर, म्हणजे विवरणपत्र दिल्यावर, कॅनडाचं महसूल खातं जो हिशोब पाठवतं तो कागद. इथे दोन गैरसमज घट्ट बसलेले आहेत. एक, कमाई नाही तर विवरणपत्र कशाला. कमाई शून्य असली तरी द्यायचंच. घरात न कमावणारी पत्नी किंवा पती असेल तर त्यांनीही. मुलांचा सरकारी भत्ता चालू राहायलाही दोघांची विवरणपत्रं लागतात, तेव्हा हे काम एकट्या पोहण्याच्या वर्गासाठी नाही. दुसरा गैरसमज, टी-४ जोडला की झालं. टी-४ हा मालकाने दिलेला पगाराचा कागद. त्यात एका नोकरीचाच आकडा असतो. सकाळी गोदामात आणि संध्याकाळी दुकानात काम करणाऱ्याचे दोन टी-४ निघतात आणि माणूस एकच जोडतो. मग अर्ज परत.

विवरणपत्राची मुदत ३० एप्रिल. उबर चालवणारे, डबे करून देणारे, घरी शिकवण्या घेणारे अशा स्वतंत्र धंदेवाल्यांना १५ जूनपर्यंत सवड असते, पण कराची रक्कम देणं असेल तर ती ३० एप्रिललाच. ऑनलाइन पाठवलं तर नोटीस साधारण दोन आठवड्यांत येते, कागदावर पाठवलं तर आठ आठवडे धरा. भरायला जमत नसेल तर स्वयंसेवकांची मोफत कर शिबिरं भरतात, मार्च-एप्रिलमध्ये ग्रंथालयांत आणि कम्युनिटी सेंटरमध्ये चौकशी करा. नोटीस हरवली तर घाबरू नका. महसूल खात्याच्या संकेतस्थळावर स्वतःचं खातं उघडलं की ती उतरवून घेता येते, किंवा त्याच खात्यातून ‘प्रूफ ऑफ इन्कम स्टेटमेंट’ काढता येतं. इथे येऊन वर्षही न झालेल्यांकडे नोटीस नसणारच. त्यांनी इमिग्रेशनचे कागद जोडायचे आणि कधी आलो ते अर्जात स्पष्ट लिहायचं.

नोटीसवरचा कुठला आकडा लिहायचा? १५००० क्रमांकाच्या ओळीवर एकूण उत्पन्न असतं, २३६०० च्या ओळीवर निव्वळ. बँकेत दर पंधरा दिवसांनी जमा होतो तो आकडा या दोन्हींपैकी नाही, आणि लोक तोच लिहितात. अर्ज कोणता आकडा मागतो ते वाचून तो नोटीसवरून जसाच्या तसा उतरवा, पूर्णांक करायच्या भानगडीत पडू नका. गंमत अशी की पुढे आईवडिलांना कायमचं बोलावायचं झालं की याच १५००० च्या ओळीवरचा आकडा मोठा असावा म्हणून हीच मंडळी जिवाचं रान करतात.

नोटीस मागच्या वर्षाची असते, आणि नोकरी गेली असेल तर तो आकडा आजची अवस्था दाखवत नाही. अशा वेळी नोकरी कधी सुटली याचा कागद, बेरोजगार विम्याचं पत्र आणि चार ओळींचं साधं स्पष्टीकरण सोबत द्यावं. भावनिक पत्र लिहू नका. तारीख, आधीचं उत्पन्न आणि आताचं उत्पन्न एवढं पुरे.

कुटुंब किती माणसांचं, हा आपल्याकडच्या लोकांचा खास घोळ. सुपर व्हिसावर (आईवडील, आजीआजोबांना मिळणारा लांब मुदतीचा भेटीचा व्हिसा) आलेले आजीआजोबा धरायचे का? धाकटा दीर त्याच बेसमेंटमध्ये राहतो, त्याचं काय? मर्यादा माणसांच्या संख्येनुसार वाढते, म्हणून डोकी वाढवायचा मोह होतो. पण ज्याचं डोकं मोजलं त्याचं उत्पन्नही मोजलं जातं. नोकरी करणाऱ्या दिराला कुटुंबात घेतलं की मर्यादा थोडी वर जाते आणि उत्पन्न भरपूर वर जातं. कुटुंबाची व्याख्या अर्जातच छापलेली असते. ती वाचा, आपली एकत्र कुटुंबाची व्याख्या बाजूला ठेवा.

नावांचं तर विचारूच नका. पासपोर्टवर मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असे तीन तुकडे; शाळेत दोनच; कराच्या नोटीसवर आईचं माहेरचं आडनाव. काहींच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा, मग इथल्या कागदांवर सगळं नाव एकाच रकान्यात कोंबलेलं. मुलाचं नाव अर्जात एक आणि नाव नोंदवायच्या ऑनलाइन खात्यात दुसरं असेल तर मंजूर झालेली रक्कम त्या खात्याला जोडली जात नाही. मंजुरी येते आणि खात्यात शून्य दिसतं, त्यामागे बहुतेकदा हेच असतं. एकच कागद प्रमाण माना, शक्यतो पासपोर्ट किंवा पीआर (कायम रहिवासी) कार्ड, आणि सगळीकडे तसंच लिहा. जन्मतारखेतही तसंच. आपण ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल समजतो, इथे कुणी ४ मार्च वाचेल. रकान्यात दिवस आधी की महिना आधी ते बघा, आणि मोकळी जागा असेल तर महिना अक्षरी लिहा. नुसत्या मराठीतल्या जन्मदाखल्यापेक्षा पासपोर्टची प्रत जोडलेली बरी, भाषांतराचा खर्च वाचतो.

पत्त्याच्या पुराव्यासाठी बेसमेंटवाल्यांची पंचाईत होते, कारण भाडं रोख आणि करार तोंडी. बँकेचं स्टेटमेंट, फोनचं बिल किंवा कराच्या नोटीसवरचा पत्ता यांतलं काहीतरी निघतंच; कोणते कागद चालतात ती यादी अर्जात असते. ३० एप्रिल २०१८ पासून ओंटारिओत बहुतेक घरांसाठी ठरावीक नमुन्यातला भाडेकरार बंधनकारक आहे. मालकाकडे तो मागायचा तुम्हाला हक्क आहे. आणि पत्ता लिहिताना ‘बेसमेंट’ किंवा युनिटचा क्रमांक लिहायला विसरू नका. नाहीतर मंजुरीचं पत्र मालकाच्या टपालात जातं आणि तिथेच राहतं.

‘याने पीआर अडेल का’ हे जवळजवळ प्रत्येक जण हळू आवाजात विचारतो. इमिग्रेशनच्या नियमांत ज्याला सामाजिक मदत म्हटलंय ती प्रांताकडून अन्न, निवारा, कपडे अशा मूलभूत गरजांसाठी मिळणारी मदत. पोहण्याच्या वर्गाची शहराने दिलेली सवलत त्यात बसत नाही. कागदपत्रं नसलेल्यांनाही शहराच्या सेवा मिळाव्यात असं टोरांटोचं २०१३ पासूनचं धोरण आहे, तेव्हा वर्क परमिटवाल्यांनी मागे राहायचं कारण नाही. ‘फुकटचं कशाला’ म्हणणारेही भेटतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, फॉर्म मात्र टेबलावर ठेवून देतो.

वेळेचं गणित नीट जमवा, कारण मंजुरी आधी आणि नोंदणी नंतर. आधी पैसे भरून मग सवलत मागितली तर ते पैसे परत येतील असं धरू नका. नोंदणीच्या तारखेआधी किमान सहा आठवडे अर्ज गेलेला असावा, असा माझा हिशोब आहे. एखादा कागद कमी पडून अर्ज परत आला तरी तेवढ्यात दुसरी फेरी बसते. वर्गांचे हंगाम चार: हिवाळा, वसंत, उन्हाळा आणि पानगळ. रक्कम मंजुरीच्या दिवसापासून वर्षभर चालते. उरलेली पुढच्या वर्षी मिळत नाही, आणि एका भावाची दुसऱ्याला देता येत नाही.

मंजुरीनंतरचा खरा अडथळा म्हणजे सकाळचे सात. नोंदणी शहराच्या भागांप्रमाणे वेगवेगळ्या दिवशी सकाळी ७ वाजता उघडते आणि नवशिक्या मुलांचे पोहण्याचे वर्ग काही मिनिटांत भरतात. सवलत असली तरी रांगेत पुढचा नंबर मिळत नाही. त्यामुळे तयारी आदल्या आठवड्यातच करा. ऑनलाइन खातं उघडून त्यात रक्कम दिसतेय का बघा. दिसत नसेल तर तेव्हाच फोन करा, सात वाजता फोन लागणार नाही. हवा तो वर्ग, त्याचा क्रमांक आणि पर्यायी दोन वर्ग कागदावर लिहून ठेवा. शनिवारी सकाळचा वर्ग सगळ्यांनाच हवा असतो. आठवड्यातल्या संध्याकाळी, थोड्या लांबच्या तलावावर, जागा मिळण्याची शक्यता जास्त. मूल कुठल्या पातळीला बसतं ते आधी ठरवा, वयाप्रमाणे गट वेगळे असतात आणि चुकीच्या गटात नाव घातलं तर पहिल्याच दिवशी बदलायची वेळ येते. काहीच मिळालं नाही तर प्रतीक्षायादीत नाव घाला. हंगाम सुरू होताना बरेच जण नावं काढतात.

खर्चाचा हिशोब समजा असा. मुलाच्या नावावर ५०० डॉलर आहेत, पोहण्याचा वर्ग ९० चा आणि उन्हाळ्यातल्या डे कॅम्पचा एक आठवडा २२० चा. दोन आठवडे कॅम्प घेतले की ४४० संपले आणि पुढच्या हंगामात पोहणं बंद. कॅम्प सगळ्यात महाग असतो, म्हणून आधी वर्षाचे वर्ग मांडा आणि उरलेल्यात कॅम्प बसवा. वर्ग सोडायचा असेल तर मुदतीच्या आत रद्द करा. नुसतं जायचं थांबवलं तर रक्कमही गेली आणि प्रतीक्षायादीतल्या कुणाची जागाही. रक्कम फीपेक्षा थोडी कमी पडली तर वरचे पैसे आपल्या खिशातून.

साहित्य यात येत नाही. स्केटिंगच्या वर्गाला सीएसए (कॅनडाची मानक संस्था) शिक्का असलेलं हॉकीचं हेल्मेट लागतं, सायकलचं चालत नाही. हेल्मेट नवं घ्या, स्केट जुने चालतात. खासगी क्लबमधल्या हॉकी-फुटबॉलसाठी वेलकम पॉलिसी चालत नाही. तिथे ४ ते १८ वयाच्या मुलांसाठी जम्पस्टार्ट ही धर्मादाय संस्था पाहा, तिचा अर्ज वेगळा. बसच्या भाड्यातल्या सवलतीचा, फेअर पासचा, अर्जही स्वतंत्र. एक मंजूर झाला म्हणजे दुसरा आपोआप झाला असं नाही.

पुढच्या वर्षी हे सगळं पुन्हा करायचं असतं. मंजुरीचं पत्र आलं की संपायच्या तारखेच्या दोन महिने आधीची खूण कॅलेंडरवर करून ठेवा. आणि तलावावर पहिल्या दिवशी जाताना टॉवेलबरोबर छोटं कुलूप घरून न्या, लॉकर असतात पण कुलूप आपलं लावावं लागतं.