चांगलाच डोळा काहून झाकता?

"चांगलाच डोळा काहून झाकता बाप्पा? नात मोठी झाली की पाहू ना!"

धरमपेठेतल्या दवाखान्यात आज एक आजी डॉक्टरांशी हुज्जत घालत होत्या. नातीचा एक डोळा आळशी, म्हणजे मेंदू त्याच्याकडे दुर्लक्ष करतो; त्याला कामाला लावायचं म्हणून चांगल्यावर पट्टी. डॉक्टर एवढंच म्हणाले, "आजी, डोळा थांबेल हो. मेंदू नाही थांबणार."

हे वाक्य काही डोक्यातून जाईना.

त्यामागे ह्यूबेल आणि वीझल या मेंदूशास्त्रज्ञांचं काम आहे. मांजरीच्या पिल्लाचा एक डोळा सुरुवातीचे काही आठवडे बंद ठेवला, तर मेंदूतली त्याची जागा दुसरा डोळा बळकावतो. पुढे डोळा उघडला तरी दिसत नाही, आणि डोळ्यात तर काहीच बिघाड नसतो! 1981 चं नोबेल त्यांना मिळालं.

मला मात्र त्यांची विद्यार्थिनी कार्ला शॅट्झ जास्त आवडते. 1976 मध्ये हार्वर्डमधून न्यूरोबायॉलॉजीत, म्हणजे मेंदू आणि मज्जासंस्थेच्या जीवशास्त्रात, पीएचडी मिळवणारी पहिली बाई. तिने आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की उजेड दिसू लागण्याआधीच दृष्टिपटलात, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यात, विजेच्या लाटा उठतात आणि मेंदूशी जोडण्या पक्क्या करत जातात. नाटकाआधीची तालीमच म्हणा ना. 2016 मध्ये तिला मेंदूविज्ञानातला मानाचा काव्हली पुरस्कार मिळाला. आपल्याकडे किती जणांनी तिचं नाव ऐकलंय, देव जाणे.

आळशी डोळ्याचं पोर तर तक्रारच करत नाही, दुसरा डोळा निभावून नेतो ना. तुमच्या मुलांचा एकेक डोळा झाकून शाळेत किंवा अंगणवाडीत कधी कोणी तपासलाय का?