हळद भांड्यातच राहिली

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमच्या घरी कापणीच्या दिवसांत कुणाला विळा लागला की आजी खोबरेल कोमट करायची, त्यात हळद आणि भिरंडेलाचा तुकडा टाकायची आणि कपड्याच्या चिंधीवर तो लेप पसरून बांधायची. भिरंडेल म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तूप. वेर्ण्याच्या एका औषध कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला नऊ वर्षं काढून मी नोकरी सोडली, तेव्हा डोक्यात हाच लेप होता. फक्त तो जरा शहाणा करायचा होता: हळदीच्या, गवती चहाच्या सुगंधी तेलाचे थेंब घातलेला, छान काचेच्या डबीतला, वर 'जखम भरणारा' असं लिहिलेला.

बांधावर गवती चहा माजलेला होताच. भांडं शेजारी मिळालं. शेजारचे काका काजूच्या हंगामात फेणी गाळतात, जूनमध्ये त्यांचं तांब्याचं भाण रिकामं पडलेलं असतं. "ने बाय," ते म्हणाले, "पण पुढच्या मार्चात फेणीला गवताचा वास आला तर गिऱ्हाइकं माझ्या नावानं शिमगा करतील."

पहिल्या खेपेला मी पात थेट पाण्यात बुडवून उकळली. खालची पात तळाला लागली आणि तेलाला करपल्याचा वास आला. पावसात भिजलेल्या पातीत तेलही कमी. पुढच्या वेळी स्टीलचं भांडं बनवून घेतलं (काकांचं भाण चिंच लावून घासून परत केलं), आत जाळी बसवली, पात एक दिवस सावलीत सुकवली आणि खालून नुसती वाफ सोडली. वीस किलो पातीतून अडीच तासांत सुमारे पाऊणशे मिली तेल आलं. इतक्या धडपडीचं फळ एका औषधाच्या बाटलीत मावलं. बाटली मात्र गडद काचेची हवी, कारण हवा आणि उजेड लागला की हे तेल लवकर बिघडतं.

मग माघात हळद काढली आणि खरी फजिती झाली. ओले कंद किसून भांड्यात भरले, दिवसभर वाफ दिली. वर आलं ते फिकट पिवळं, मातकट वासाचं तेल. हळदीचा तो जर्द रंग कुठेच नाही! तो भांड्यातल्या शिजलेल्या लगद्यातच बसला होता. कर्क्युमिन, म्हणजे हळदीला पिवळं करणारं द्रव्य, वाफेबरोबर उडत नाही, हे मला कॉलेजपासून माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि आपल्याच भांड्याच्या तळाशी पिवळाधमक गाळ पाहणं वेगळं. वाफेबरोबर जेवढं वर येतं तेवढंच सुगंधी तेल, बाकीची वनस्पती खालीच. आजीच्या लेपात सगळी हळद होती, माझ्या बाटलीत तिचा वास होता. कडुलिंबाचं तेल तर बिया पिळून काढलेलं असतं, आणि कोरफडीच्या गरात गाळण्याजोगं सुगंधी तेल नसतंच. तरी 'कोरफडीचं इसेन्शियल ऑइल' लिहिलेली बाटली दुकानात दिसते. मी ती न बोलता जागेवर ठेवते.

याची उलट बाजू माझ्या हातावर उमटली. वर आलेलं असतं ते फार तीव्र असतं. भिरंडेलात पाच टक्के गवती चहाचं तेल मिसळून मी मनगटाच्या आतल्या बाजूला लावलं, तर संध्याकाळपर्यंत लाल चकंदळ आणि खाज. नंतर हिशेब केला. पाऊणशे मिलीचे साधारण अठराशे थेंब, म्हणजे एका थेंबामागे दहाएक ग्रॅम पात. आजी एवढी पात घरातल्या सगळ्यांच्या चहाला पुरवायची. शिवाय तिनं ती उकळून प्यायला दिली होती, अंगाला कधी चोळली नव्हती. प्रयोगशाळेच्या अहवालात सिट्रल 74 टक्के आलं. वास त्याचाच, आणि त्वचेला ज्याची अॅलर्जी होऊ शकते तेही तेच. आता मी अर्धा टक्का घालते आणि नवीन मिश्रण दोन दिवस माझ्याच हातावर लावून पाहते.

तेलाखाली जे सुगंधी पाणी जमतं त्याचाही मोह झाला. स्प्रेच्या बाटल्यांत भरून नातेवाइकांना वाटलं. जुलैत मावसबहिणीचा फोन आला, "अगं, यात कापूस तरंगतोय." बुरशी होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या औषधांतले जंतू मोजलेल्या बाईनं हे करावं! पाणी आलं की परिरक्षक, म्हणजे माल सडू न देणारं द्रव्य, आलं, आणि सोडियम बेंझोएटसारखं परिरक्षक पाणी पुरेसं आंबट असेल तरच काम करतं. मी तो नाद सोडला आणि बिनपाण्याच्या मलमावर आले. तेही म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला नेताना मेच्या उन्हात स्कूटरच्या डिकीत वितळलं. भिरंडेल एकटं चाळीस अंशांच्या आसपास तग धरतं, त्यात खोबरेल मिसळलं की आधीच ढेपाळतं. मग मधमाश्यांचं मेण घातलं. प्रमाण जमेपर्यंत चौदा घाणी झाल्या. काही ओठाला चिकटायच्या, काहींचा रवा व्हायचा.

परवान्याची चौकशी केली तेव्हा लेबल पुढे आलं. कार्यालयातल्या बाईंनी माझं 'जखम भरणारा' वाचलं आणि शांतपणे विचारलं, "मग हे औषध ना?" मी गप्प. सौंदर्यप्रसाधन स्वच्छ करतं, मऊ करतं, रूप खुलवतं. बरं करतो म्हटलं की ते औषध, आणि मग आयुर्वेदिक औषधाचा परवाना, त्याचा 24-डी अर्ज, त्याची वेगळी जागा, वेगळे तज्ज्ञ. प्रसाधनाला 2020 चे नियम, कारखाना स्वतःचा असेल तर सीओएस-5 अर्ज. घरच्या स्वयंपाकघरात विकण्यासाठी बनवता येत नाही, हे मी इतरांना सांगत आले होते, पण स्वतःपुरतं सोयीनं विसरले होते. शेवटी सीओएस-6 भरून दुसऱ्याच्या परवानाधारक युनिटमध्ये माल बनवण्याचा रस्ता धरला. फी भरणं, नकाशे, सह्या यांबद्दल लिहिण्यात अर्थ नाही. वेळ लागतो, एवढंच.

लेबलवरून 'जखम' पुसताना हात जड झाला. पण माझ्याकडे कुठला पुरावा होता? आजीच्या जखमा भरल्या त्यात हळदीचा वाटा किती, स्वच्छ चिंधीचा किती, आणि तिनं रोज लेप बदलून दोन दिवस कामाला जाऊ दिलं नाही त्याचा किती, हे मी कधीच मोजलेलं नाही. आता डबीवर 'टाचा आणि ओठ मऊ ठेवण्यासाठी' असं आहे, खाली घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमानं, बॅच नंबर आणि वापरायची मुदत.

हळद मात्र मला सोडवेना. वाफेला येत नाही तर तेलात तरी उतरते, म्हणून सुकी हळद कोमट खोबरेलात मुरवून गाळली आणि त्या तेलाचं मलम केलं. दिसायला देखणं. पहिल्याच आठवड्यात एका ओळखीच्या बाईंनी पिवळी झालेली उशीची खोळ आणून दाखवली. विकायच्या डब्यांतून हळद काढली.

पहिली परवानाधारक बॅच आली तेव्हा आजीला डबी दिली. तिनं झाकण उघडलं, वास घेतला, बोट फिरवलं. "कितें गो हें? हळद खंय आसा?" मी तिला उशीची, लेबलची, नियमांची सगळी कथा सांगितली. तिनं ऐकून घेतलं आणि डबी कपाटात देवाच्या फोटोपाशी ठेवली.

तिच्या टाचांसाठी मी अजून हळदीचंच बनवते. स्टीलच्या जुन्या डब्यात असतं ते, त्यावर काहीच लिहिलेलं नाही, आणि तिच्या चादरी कायमच्या पिवळ्या झाल्या आहेत.