तुम्ही विचारलंत म्हणून: उच्च गणिताने नजर कशी बदलते?

‘उच्च गणित शिकल्यावर जगाकडे बघण्याची नजर खरंच बदलते का?’ असं मला बरेच जण विचारतात. बदलते. पण त्याचा आकडेमोडीच्या वेगाशी संबंध नाही. वरच्या वर्गांत आकडेमोड फारशी उरतच नाही. बदलतं ते विधान ऐकणं. त्यातल्या अटी आधी दिसू लागतात.

एक प्रमेय घ्या: बंद (दोन्ही टोकं धरून) आणि मर्यादित अंतरालावरचं, म्हणजे संख्यारेषेच्या तुकड्यावरचं, संतत (मध्येच उडी न मारणारं) फलन, म्हणजे प्रत्येक संख्येला एक किंमत देणारा नियम, आपली सर्वांत मोठी किंमत कुठेतरी गाठतंच. हे पाठ करून काही हाती लागत नाही. एकेक अट काढून बघायची. क्ष ची किंमत क्ष च ठेवणारं फलन 0 ते 1 वर घ्या. टोकं वगळली, तर किमती 1 च्या हव्या तितक्या जवळ जातात, 1 मात्र कधीच होत नाहीत. अंतराल 0 पासून पुढे अमर्याद केलं, तर त्या वाढतच जातात. टोकं ठेवली, पण 1 पाशी किंमत 0 दिली, तर संततता तुटते आणि सर्वांत मोठी किंमत पुन्हा हरवते. आता कळतं, कुठली अट कशासाठी होती. मग एखादा उपाय ‘सिद्ध’ झालाय असं ऐकलं, की ‘कोणावर, कुठल्या परिस्थितीत?’ हा प्रश्न आपोआप येतो.

शब्दांचा क्रमही टोचू लागतो. ‘प्रत्येक रोगावर औषध आहे’ आणि ‘एक औषध प्रत्येक रोगावर चालतं’ यांत किती अंतर आहे! विश्लेषणात, म्हणजे सीमा आणि संततता यांच्या गणितात, नवखे विद्यार्थी बरेचदा अडखळतात ते इथेच. मोठे गणितज्ञही अडखळले: संतत फलनांची अनंत बेरीज संततच असते, या 1821 मध्ये कोशीने मांडलेल्या प्रमेयाला आबेलने 1826 मध्ये प्रतिउदाहरण दिलं. बेरीज प्रत्येक बिंदूवर आपापल्या गतीने उत्तराजवळ जाणं (बिंदूगणिक अभिसरण) आणि सगळ्या बिंदूंवर एकाच गतीने जाणं (एकसमान अभिसरण) यांतला फरक तेव्हा स्पष्ट झालेला नव्हता.

आणि सिद्धता नसलेल्या, नुसत्या उदाहरणांच्या पुराव्यावरचा विश्वास कमी होतो. गणितज्ञ पोल्याची 1919 ची अटकळ अशी: 2 पासून पुढची कुठलीही संख्या घ्या, 1 पासून तिथपर्यंतच्या संख्यांत मूळ अवयवांची संख्या (पुनरावृत्तीसह) विषम असलेल्या संख्या सम असलेल्यांपेक्षा कधीच कमी नसतात. ती पहिल्यांदा मोडते 90,61,50,257 ला.

मात्र ही नजर व्यवहारात जशीच्या तशी वापरली, की घात होतो. ‘सर्व’ म्हणणारं विधान एका प्रतिउदाहरणाने पडतं, ‘बहुतेक’ म्हणणारं पडत नाही. तिथे मोजावंच लागतं.