ब्रेक कचरतोय : नोंद तिसरी

मागच्या नोंदीत माझ्या गाडीच्या ब्रेकच्या कचरण्याचा सगळा दोष खड्ड्यांवर ढकलून मी मोकळा झालो होतो. तो निम्माच बरोबर निघाला.

नव्यांसाठी थोडक्यात. गाडी 2011 ची जपानी हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली), मी तिसरा मालक, 1,38,000 किलोमीटर झालेत. राहणं देवळी तालुक्यात. आठवड्यातून एक-दोनदा वर्ध्याला चक्कर, त्यात अर्धी वाट तुळजापूर हायवेचं सिमेंट आणि उरलेली पांदण. बाकी दिवस गाडी अंगणातल्या कडुनिंबाखाली. तक्रार ही की हलक्या पायाने थांबवत आणली की शेवटी, ताशी 15 च्या आसपास, ब्रेक क्षणभर हात सोडतो. मग पुन्हा धरतो. पाय जोरात दाबला तर काहीच जाणवत नाही, म्हणून इतके दिवस चालवून घेतलं.

तान्ह्या पोळ्याला चालवून घेणं संपलं. गल्लीत एक पोट्टं लाकडी नंदी ओढत आडवं आलं. नंदीचं एक चाक निसटलं, ते उचलायला हा भर रस्त्यात खाली बसला. माझा वेग दहा-बारा असेल. ब्रेकवर पाय होताच, तरी गाडी हातभर पुढे सरकली. अंतर भरपूर होतं, काही झालं नाही. पण त्या हातभराने झोप उडवली.

हायब्रिडमध्ये पेडल दाबलं की आधी मोटर जनरेटर होऊन गाडी अडवते आणि ती वीज बॅटरीत जाते. चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्हीकडून दाबणारे पॅड मागून मदतीला येतात. वेग दहा-पंधराच्या खाली गेला की मोटर अंग काढून घेते आणि सगळं काम पॅडवर पडतं. पायाला जो दाब लागतो तोही बव्हंशी बनवलेला असतो. खरा दाब पंप आणि वाल्व ठरवतात. खड्ड्यात चाक क्षणभर हवेत गेलं, घसरलं, की कॉम्प्युटर मोटरचा ब्रेक तोडून पॅडकडे सोपवतो. तिथलं कचरणं मुळातलंच. फेब्रुवारी 2010 मध्ये टोयोटाने जगभरातल्या चार लाखांवर हायब्रिड गाड्या एबीएसच्या (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सॉफ्टवेअरसाठी परत बोलावल्या, त्याही खडबडीत आणि निसरड्या रस्त्यांवरच्या असल्याच तक्रारींपायी. माझी गाडी त्यांतली नाही.

प्रश्न एवढाच होता की माझ्याकडचा गचका मोटरचा की पॅडचा. उत्तर फुकटात मिळालं. पहाटे मोकळ्या, चढ-उतार नसलेल्या रस्त्यावर ताशी 40 ला गाडी न्यूट्रलमध्ये टाकली आणि ब्रेक लावला. न्यूट्रलमध्ये मोटर वीज बनवत नाही, म्हणजे सगळं ओझं पॅडवर. (घाटात किंवा रहदारीत हा प्रयोग करू नका.) खड्ड्यावरचा गचका गायब. म्हणजे तो मोटरचा, त्याला मी सोडून दिलं. पण साध्या रस्त्यावर ब्रेक भलताच मऊ, आणि डाव्या बाजूने खर्र खर्र. आठ-दहा वेळा तसंच थांबवल्यावर आवाज कमी झाला, पकडही जरा सुधारली. गंज! मोटरच सगळं करत असल्यामुळे पॅडला बारा महिने आराम, त्यात पावसाळा आणि उभी गाडी.

गावातला मिस्त्री म्हणाला, "भाऊ, ब्रेक लागते ना? मंग काऊन खोलता?" तरी आला बिचारा. खोलण्याआधी 12 व्होल्टच्या बॅटरीची निगेटिव्ह काढून थोडं थांबलो. ड्रायव्हरचं दार उघडलं तरी ब्रेकचा पंप घर्र करून जागा होतो, आणि तेव्हा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा) उघडा असेल तर त्यातला पिस्टन बाहेर येईल. एक मूर्खपणाही सांगून ठेवतो: ही बॅटरी डिकीत असते आणि डिकीचं कुलूप विजेवर. मी सवयीने डिकी आपटणार होतो, मिस्त्रीने हात धरला. मोटरच्या जबर व्होल्टेजच्या नारिंगी वायरींच्या वाटेला आम्ही दोघेही गेलो नाही.

पुढचं डावं चाक काढलं तर आतला पॅड 4 मिलिमीटर, बाहेरचा 8. निदान तिथेच झालं. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्यातली खालची जाम. रबराची टोपी फाटलेली, आत पांदणीची काळी माती सुकून विटेसारखी. पिस्टन आतला पॅड दाबायचा, पण कॅलिपर सरकत नसल्याने बाहेरचा नावालाच टेकायचा. त्या बाजूला डिस्कवर अंगठाभर रुंद तांबडा पट्टा. उजवं चाक ठीक निघालं.

मिस्त्रीने बेअरिंगचं पिवळं ग्रीस काढलं, ते नको म्हटलं. त्याने रबर फुगतं. पिन घासून सिलिकॉन ग्रीस लावलं, नवी टोपी, नवे पॅड दोन्ही बाजूंना, डिस्क पॉलिश पेपरने घासली.

ब्रेक ऑइल मात्र काळ्या चहासारखं झालंय. कचरण्याशी त्याचा संबंध नसावा, पण डॉट 3 (माझ्या ब्रेक ऑइलचा प्रकार) हवेतलं पाणी ओढतं. नवं असताना 205 अंशांना उकळणारं ओलं झाल्यावर 140 लाच उकळू शकतं. दिवाळीत चिखलदऱ्याला जायचंय. उतारावर बॅटरी भरली की मोटरची वीज घेत नाही आणि डिस्कवर भार वाढतो. मिस्त्री पेडल मारून ऑइल काढायला तयार होता. आमच्या गाडीत ते स्कॅनर लावून वाल्व उघडत करावं लागतं, म्हणून नागपूरला नेणार.

आज 160 किलोमीटर झाले. शेवटचं सरकणं गेलं, खड्ड्यावरचं राहिलं. आता एकच खटकतंय: गाडी नुसती उभी असताना पंप दर मिनिटाला घरघरतो. आधीही असाच वाजायचा का, लक्षच दिलं नव्हतं. कुणाच्या गाडीत किती वेळाने वाजतो ते घड्याळ लावून सांगा.