आईच्या जबड्यातली पांढरी पावडर

आईची खालची दाढ काढली तेव्हा डॉक्टर म्हणाले इथलं हाड बरंच झिजलंय, इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून त्यावर लावायचा कृत्रिम दात) बसवायचं तर आधी बोन ग्राफ्ट, म्हणजे हाड भरून यावं म्हणून तिथे भरायची पावडर, टाकावं लागेल. आईचा पहिला प्रश्न, "गायीच्या हाडाचं तर नाही ना?" प्रश्न बरोबरच होता, कारण प्रक्रिया केलेलं गायीचं हाडही सर्रास वापरतात. पण आमचं सिंथेटिक होतं, हायड्रॉक्सीअपटाइट आणि बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, दोन्ही कॅल्शियम आणि फॉस्फेटचेच प्रकार. मग रात्री जेवताना दुसरा प्रश्न आला, "केमिकल आहे म्हणजे कॅन्सरबिन्सर नाही ना व्हायचा?"

शरीरात टाकायचं मटेरियल पेशींना अपाय करतं का हे तपासण्याचंच काम मी लॅबमध्ये करते, त्यामुळे "काही होत नाही गं" म्हणून तिला गप्प बसवणं मला जमलंच नाही.

तिला सांगितलं की असलं मटेरियल शरीरात टाकण्याआधी त्याने डीएनए तुटतो का हे तपासतात, त्यासाठी आयएसओ १०९९३ या आंतरराष्ट्रीय मानकाचा तिसरा भाग आहे. एक एम्स टेस्ट असते, त्यात साल्मोनेलाचे असे जंतू घेतात ज्यांना हिस्टिडीन (वाढीला लागणारं एक अमिनो आम्ल) स्वतः बनवता येत नाही, आणि म्युटेशन, म्हणजे डीएनएत बदल, होऊन ते परत बनवायला लागले की प्लेटवर कॉलनी वाढतात, त्या मोजायच्या. पण पावडरचे कण काही जंतूंच्या आत शिरत नाहीत, म्हणून पावडर द्रावणात भिजवून त्याचा अर्क वापरतात, आणि म्हणूनच या एकट्या टेस्टवर माझा भरवसा नाही, सस्तन प्राण्यांच्या किंवा माणसाच्या पेशींवरही तपासायलाच हवं. मला आवडते ती कॉमेट टेस्ट! पेशी जेलमध्ये बसवायच्या, त्यांचं आवरण विरघळवायचं, करंट द्यायचा, डीएनए तुटलेला असेल तर तुकडे पुढे ओढले जातात आणि मायक्रोस्कोपखाली धूमकेतूसारखी चमकणारी शेपटी दिसते. धड असेल तर नुसता गोल ठिपका. आईला मोबाइलवर दोन्ही फोटो दाखवले, तिने चष्मा लावून बराच वेळ बघितले.

शेपटी दिसली म्हणजे लगेच कॅन्सर असंही नाही हां, पेशी बरीच तुटफूट स्वतः दुरुस्त करतात. म्हणून मायक्रोन्यूक्लियस टेस्टही बघायची, त्यात पेशी विभागल्यानंतर मुख्य केंद्रकाबाहेर राहिलेले डीएनएचे छोटे गोळे शोधतात, त्यावरून दुरुस्त न झालेलं नुकसान कळतं.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांकडून मटेरियलचं नाव, लॉट नंबर असलेला स्टिकर मागून घेतला आणि कंपनीला मेल करून टेस्ट रिपोर्ट मागवला. तो आला, वाचला, मगच आईला हो म्हटलं. टाके निघालेत, आता काही महिने थांबायचं, हाड भरलं का ते एक्स-रेत बघून मग इम्प्लांटचा स्क्रू.